दिवाळी २०२४ : कंदील, किल्ला आणि दुधाशिवायचा फराळ (कामाच्या नोंदी)

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

साइटवर रोज संध्याकाळी डीपीआर (दिवसाच्या कामाचा अहवाल) भरायची सवय आहे. किती काम झालं, किती माल लागला, कुठं अडलं. घरच्या कामाची तशी वही कधी ठेवली नव्हती, आणि म्हणूनच गेल्या दिवाळीत बेसनाच्या लाडवात नेमकं काय चुकलं होतं ते यंदा कुणालाच आठवेना. बायको, अस्मिता म्हणाली, "पुलाच्या नोंदी ठेवतोस, लाडवांच्याही ठेव." आज शस्त्रपूजेला टेप, ओळंबा आणि लेव्हलच्या शेजारी झारा आणि कातणंही मांडलं, आणि वहीचं पहिलं पान उघडलं.

कामाची व्याप्ती : एक आकाशकंदील, घरी बांधलेला. एक किल्ला, रायगड (मुलगा तन्मयची मागणी, वय ११). आणि फराळ, लेकीला, सईला (वय ६) कुणालाही न विचारता डब्यात हात घालता येईल असा. शेवटचं कलम सगळ्यात अवघड.

सईला दुधाची ॲलर्जी आहे. दहा महिन्यांची असताना दहीभाताचा पहिला घास भरवला आणि पाच मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांध्या उठल्या. 'दूध पचत नाही' यातलं हे नव्हे, हे पाहुण्यारावळ्यांना सांगून माझी जीभ झिजली आहे. न पचण्यात दोष दुधातल्या साखरेचा, लॅक्टोजचा. त्यात पोट बिघडतं. हिच्या शरीराला दुधातली प्रथिनं, केसीन आणि व्हे, शत्रू वाटतात. म्हणून "म्हशीचं चालेल का? शेळीचं?" यालाही उत्तर नाहीच, प्रथिनं जवळजवळ तीच. तूप कितीही कढवून गाळलं तरी प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तूपही बंद ठेवलंय. शेंगदाणे, काजू, बदाम, तीळ, नारळ चालतात, तपासून घेतलंय. यावर आमचं घर चालतं.

माझे आप्पा कोल्हापूरचे. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात, ते दूध पिऊन तालमीत गेलेला माणूस. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "दूध न्हाई तर पोरीची हाडं कशी व्हायची रं?" नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात १०० मिलीला सव्वाशेसुद्धा नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. "कागदावरचं सांगू नगं," म्हणाले.

१३ ऑक्टोबर, रविवार

सकाळी तन्मयला घेऊन बुरूड आळीत. सुपं, टोपल्या, रोवळ्यांच्या ढिगामागे बसलेल्या एका मावशींनी बांबूच्या कामट्या आमच्यासमोर तासून दिल्या. ४० घेतल्या, तुटतील म्हणून सोळा जास्त. बोहरी आळीतून पतंगी कागद : पिवळा, भगवा, गुलाबी, थोडा पांढरा.

कंदील पारंपरिक, सहा चौकोनांचा. वर एक आडवा, खाली एक आडवा, मध्ये चार कोपऱ्यावर उभे. कोपऱ्याला कोपरा बांधला की चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. १२ इंची २४ काड्या. मी सवयीने केबल टाय काढले, तर तन्मयने "पप्पा, दोरा" म्हणून हात पुढे केला. बरोबर होतं त्याचं. केबल टायने बांबू चिरतो, दोऱ्याने नाही.

चौकोन काटकोनात आहे का हे तपासायला दोन्ही कर्ण मोजायचे, पाया आखताना मोजतात तसेच. १२ च्या बाजूला कर्ण १७ इंच, केसभर कमी. तन्मयने सहाही चौकोन मोजले, दोन परत सोडवून बांधायला लावले. संध्याकाळी सांगाडा उभा राहिला, आणि मी वरून जरा दाबला तर अख्खा कंदील गर्रकन पिळवटून निम्मा झाला. तोडमोड काही नाही, नुसता मिटला, छत्रीसारखा. दोघंही पाहत राहिलो. सोडला की उघडतो, दाबला की फिरून मिटतो.

रात्री गणित मांडलं. १२ सांधे, प्रत्येकाला तीन दिशा, म्हणजे ३६. त्यातून ६ वजा. सांगाडा घट्ट उभा राहायला ३० काड्या लागतात. आमच्या २४. सहा कमी, आणि चौकोनही सहाच! प्रत्येक चौकोनात एक कर्ण घातला की झालं. जुन्या लोकांनी आडवी काडी घालायची रीत कुठल्याही सूत्राशिवाय बसवली होती, आणि मी पदवी घेऊन ती विसरलो. वरच्या चौकोनाच्या कर्णाला बल्बचा होल्डरही बांधता येईल.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

सोसायटीच्या गच्चीवर आटीव दुधाचं पातेलं. आम्ही दरवर्षी सईला घेऊन दूर कठड्यापाशी बसतो, तिच्या हातात सरबत. यंदा ठरवलं, तिलाही 'दूध' द्यायचं.

एक वाटी काजू आणि वीस बदाम चार तास भिजवले, बदाम सोलले, एक लिटर पाण्यात वाटून गाळले. रंग, दाटपणा अगदी साईचं दूध. साखर, केशर, वेलची, जायफळ, चारोळी. मग गॅसवर ठेवलं, आटवायचं म्हणून. इथं घोटाळा. काजूत पिठूळपणा असतो, तापला की आळतो. पाच मिनिटांत पातेल्यात लापशी, दहा मिनिटांत डाव उभा राहायला लागला. तन्मय म्हणाला, "यातच कंदील चिकटवू या."

दोन फुलपात्री पाणी घालून, गार करून, परत गाळून काहीतरी केलं. सईने अर्धा पेला प्यायला आणि विचारलं, "हे सगळे खरंच आवडीने पितात?"

अस्मिताने वेंगुर्ल्याला आईला फोन लावला, स्पीकरवर. सासूबाई हसत होत्या. "कोजागिरीक दूधच व्हया असा कोण सांगता? आमच्याकडे फोव आणि नारळाचा पाणी." खरंच की. पोहे आणि नारळाचं पाणी हाच कोजागिरीचा जुना नैवेद्य. दहा वाजता शहाळं फोडलं, पोहे भिजवले, वर ओला नारळ, गूळ. सईने दोनदा घेतले. गच्चीवरची आणखी दोन पोरं वाटी घेऊन आली.

नोंद : काजूचं दूध उकळायचं नाही, कोमटच द्यायचं. आणि मुळात हे काम कशासाठी काढलं होतं याचा विचार आधी करायचा.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बेसनाचे लाडू, चाचणी १. अर्धा किलो बेसन, रिफाइंड तेल पाव किलो. भाजताना वास उत्तम. वळले तेव्हाही बरे वाटले. तासाभराने ताटात पाहिलं तर सगळे बसलेले, लाडू कसले, थापटलेल्या गोवऱ्या. खाली तेलाचं वर्तुळ. तूप गार झालं की थिजतं आणि लाडवाला धरून ठेवतं. रिफाइंड तेल थिजतच नाही. गेल्या वर्षीची चूक हीच होती, आता आठवलं.

चाचणी २ : खोबरेल. खाण्याचं, घाण्याचं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे तुपाच्या वागणुकीच्या जवळ. अर्धा किलो जाडसर बेसन, सव्वादोनशे ग्रॅम खोबरेल, मंद आचेवर ३५ मिनिटं. उतरवताना पाण्याचा हबका मारला, चर्र झालं, फेस आला, त्याने बेसन रवाळ होतं. (आई दुधाचा हबका मारते. पाण्यानेही तेच होतं.) पूर्ण गार झाल्यावर ४०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, आणि थोडं काजूचं कूट, जास्तीचं तेल प्यायला.

सकाळी लाडू कडक, सुरेख गोल. दुपारी बारा वाजता पुण्यातलं ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून डब्यावर आलं आणि मऊ पडले. डबा माठाजवळ हलवला, संध्याकाळी पुन्हा कडक. चव? खोबऱ्याचा वास आहे. मी 'पास, शेऱ्यासह' असं लिहितो. अस्मिता म्हणते, "वेंगुर्ल्यात हे कुणी नाव न सांगता दिलं तर चांगलं म्हणून खातील, बेसनाचा लाडू म्हणून दिलं तर परत करतील."

या वाक्यावर मी रात्री बराच वेळ विचार केला.

२० ऑक्टोबर, रविवार

चूक झाली, आणि ती माझी. सकाळी स्वतःपुरता तुपातला शिरा केला. उलथनं नुसतं विसळून ठेवलं. दुपारी तेच उलथनं रवा-नारळाच्या लाडवाच्या पाकात गेलं. सईने भांड्याच्या कडेचं मिश्रण बोटाने चाटलं. हनुवटीवर, गालावर गांध्या. श्वासाला काही नाही, ओठ ठीक. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दिलं, दोघंही तिच्याकडे घड्याळ लावून बघत बसलो. तासाभराने उतरलं. ती खेळायला गेली, माझे हात मात्र उशिरापर्यंत थरथरत होते. सगळा घाणा फेकून दिला.

संध्याकाळी घरातली भांडी साइटच्या शिस्तीत आणली. तूप-दूध लागणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या दांड्याला तांबडी टेप : एक उलथनं, एक पातेलं, चहाची गाळणी, एक संडशी. सईच्या कढई-झाऱ्याला हिरवी. लाकडी पोळपाट-लाटणं पूर्ण हिरवं, त्यावर तुपाची पोळी आता कधीच नाही, कारण लाकूड तूप पितं. भांडी घासायच्या घासण्याही दोन. अस्मिताने काही न बोलता टेप कापून दिली. हे पाच वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

किल्ल्याला आज हात लागला नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

रात्री साडेनऊला पार्किंगच्या कोपऱ्यात विटा रचल्या, वर पोत्याचे तुकडे चिखलात बुडवून टाकले. उंची तीन फूट. तन्मयकडे गेल्या वर्षीच्या सहलीचे फोटो आहेत, त्यावरून टकमक टोक, महादरवाजा, बाजारपेठ, जगदीश्वराचं देऊळ कुठं ते खडूने आखलं. गंगासागर तलावासाठी स्टीलची ताटली.

सईच्या बाईंचा फोन : कार्यानुभवाच्या तासाला दुधात व्हिनेगर घालून त्याच्या गोळ्याची बटणं करणार आहेत, सईचं काय करू? आधी विचारलं, हेच मोठं. तो पांढरा गोळा म्हणजे मुख्यतः केसीन. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अशाच केसीनची खरीखुरी बटणं निघायची. सई त्या दिवशी शेजारच्या वर्गात बसून शाडूची बटणं करेल, सुईने दोन भोकं पाडून. (नंतरची भर : त्या दिवशी घरी आल्यावर तिनं बारा बटणं दाखवली आणि ती किल्ल्याच्या तटावर तोफगोळे म्हणून लागली.)

२२ ऑक्टोबर, मंगळवार

किल्ल्यावर हळीव पेरले. मोहरीपेक्षा हळीव चांगले : ओले झाले की चिकट होतात, उतारावरून घरंगळत नाहीत, आणि चार-पाच दिवसांत हिरवेगार. मूठभर पेरले, उरलेली पुडी डब्यात. परतीच्या पावसाची सर आली तर झाकायला प्लास्टिक ठेवलंय.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शेंगदाण्याचं दही. आप्पा येणार आहेत आणि जेवणात दही नसलं तर ते घास उचलत नाहीत. पण दोन दह्यांची दोन भांडी टेबलावर ठेवायला मी आता घाबरतो. एक वाटी दाणे रात्रभर भिजवून, सालं काढून, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळले. सात-आठ मिनिटं ढवळत उकळलं. बोट सोसवेल इतकं कोमट झाल्यावर विरजणाऐवजी सहा हिरव्या मिरच्यांचे देठ टाकले. देठावर जे जिवाणू असतात तेच काम करतात. बंद मायक्रोवेव्हमध्ये दहा तास.

लागलं! चमचा घातला तर कापलं गेलं. नुसतं खाल्लं तर दाण्याचा कच्चा वास येतो. मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी आणि किसलेली काकडी घातली की वास दबतो. कढी केली नाही, करणारही नाही. काही गोष्टींची नक्कल केली की मूळ गोष्टीची जास्तच आठवण येते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

करंज्या. सारण सुक्या खोबऱ्याचं, त्यात भाजलेली खसखस, थोडा रवा, पिठीसाखर, वेलची. यात दूध-तूप कधी नव्हतंच. प्रश्न पारीचा आणि साट्याचा. रवा-मैद्याला कडकडीत तेलाचं मोहन, आणि दुधाऐवजी नारळाच्या रसात भिजवलं. साट्याला तांदळाची पिठी आणि खोबरेल. हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळतंय. साटा पातळ झाला की पदर सुटत नाहीत.

मग लाडवाची नोंद आठवली : २४ अंश. वाटी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. बाहेर काढली तर पांढरा, लोण्यासारखा साटा. फेसला, हलका झाला. तीन पोळ्या एकावर एक, मध्ये साटा, गुंडाळी, काप, काप उभा धरून लाटायचा. सईने कातण्याने कडा कापल्या. जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून. पहिल्या चार करंज्यांची कड भारताच्या नकाशासारखी आली, पाचवी सरळ.

तळताना कढईत करंजी टाकली की साटा वितळतो आणि पदर एकेक करून उकलतात, फुलासारखे. अस्मिता उभी राहून बघत होती. हे तुपापेक्षा कमी नाही, उलट गार झाल्यावर तुपकट वास येत नाही. पास, शेरा नाही. एकूण ४३. फुटलेल्या तीन, मी खाल्ल्या.

चकल्या, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा : नोंद करण्यासारखं काही नाही. यात दूध नव्हतं, नाही. चकलीत लोणी घालणारी घरं असतात, आमचं नाही. शंकरपाळ्या पाणी आणि तेलावर केल्या, जरा कडक झाल्या, चहात बुडवायला बऱ्या. चहा, अर्थात, सईचा कोरा.

२७ ऑक्टोबर, रविवार

कंदिलाला कागद. खळ मैद्याची, चिमूटभर तुरटी घालून, नाहीतर झुरळं कुरतडतात. सहा कर्ण बांधल्यापासून सांगाडा दगड झालाय. तन्मय प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला दाबून बघायला सांगतो. आठ त्रिकोणांना भगवा आणि गुलाबी, चार उभ्या चौकोनांना पिवळा, त्यावर पांढऱ्या कागदाची कातरलेली नक्षी. खालचा आणि वरचा चौकोन उघडा, हवा खेळायला. कागद ताणून लावला तर सुकताना फाटतो, सैल लावला तर ढिला दिसतो. पाण्याचा हलका हात फिरवून लावायचा, सुकला की आपोआप तट्ट होतो. ही युक्ती खालच्या मजल्यावरच्या काकांची, गिरगावच्या चाळीतून आलेली.

शेपट्या सईच्या. दोन फुटी पट्ट्या, मध्ये कातरून झिरमिळ्या. पाच वॅटचा एलईडी. आमच्या लहानपणी ४० वॅटच्या बल्बने कंदील जळायचे, अर्धी दिवाळी त्या भीतीत जायची.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

आई-आप्पा सकाळच्या गाडीने आले. आप्पांच्या पिशवीत पेढ्यांचा पुडा. मी काही बोलायच्या आत आईने तो परत पिशवीत घातला आणि पिशवी माळ्यावर टाकली. "मी सांगितलो होतो त्यांस्नी," म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशीच बोलते ती, पुण्यात चाळीस वर्षं राहिली तरी बदलणार नाही.

आईचा आज उपास. वसुबारसेला ती गाईचं दूध, दही, तूप, ताक काही घेत नाही. ते वासराचं, आज त्याचा दिवस. गहूही नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी. संध्याकाळी सगळ्यांनीच तेच खाल्लं. टेबलावर एकही तांबड्या टेपेचं भांडं नव्हतं, आणि हे जेवण होईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. सईच्या आलं.

"आज आजीलापण ॲलर्जी?"

आई हसायला लागली ती थांबेना. आप्पा भाकरी मोडत होते, मान वर न करता म्हणाले, "वर्षातनं एकदा हुती तिला." थोड्या वेळाने, "दाण्याचं दही हाय म्हणं तुमच्यात. आण की बघू." दोन वाट्या खाल्ल्या. चांगलं म्हणाले नाहीत, पण फोडणीत लसूण घाल म्हणाले.

३० ऑक्टोबर, बुधवार

काल धनत्रयोदशीला धने-गुळाचा नैवेद्य. आज किल्ला पूर्ण. हळीव दोन इंच वर आलेत. कुंभारवाड्यातून मावळे, महाराज, दोन हत्ती, आणि डोक्यावर चरवी घेतलेली एक गवळण आणली. ती तन्मयने हिरकणी म्हणून बुरुजाच्या टोकाला बसवली. आख्यायिका सईला आप्पांनी सांगितली : हिरकणी गडावर दूध विकायला आली, कोजागिरीचा दिवस, उशीर झाला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली.

सईने बराच वेळ विचार केला. "तिच्या बाळाला दूध चालायचं?"

"आईचं दूध चालायचं," आप्पा म्हणाले. "तुला न्हाई का चाललं?"

चाललं, पण त्यासाठी अस्मिताने दीड वर्ष स्वतः दुधाचा थेंब घेतला नव्हता, चहासुद्धा कोरा. हे आप्पांना आज कळलं. ते उठून तिच्याकडे गेले नाहीत, तसला स्वभाव नाही. चिखल कालवून हिरकणीच्या बुरुजाखाली पायऱ्या करत बसले. कड्याला पायऱ्या नसतात हे तन्मयने सांगितलं, तरी केल्या.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरकचतुर्दशी

सासूबाई काल रात्री उशिरा आल्या, सोबत नव्या भाताचे पोहे, नारळ, आमसुलं आणि कागदात गुंडाळलेली कारिटं. पहाटे चारला घर जागं.

उटणं यंदा घरचं : मसूर डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, संत्र्याची वाळलेली साल. आईच्या हाताला उटणं दुधात कालवायची सवय. वाटी हातात घेऊन ती फ्रीजपाशी थांबली, तांबडी टेप बघितली आणि मागे फिरली. सासूबाईंनी नारळाचा रस पुढे केला. तेलानंतर ते उटणं अंगाला इतकं मऊ लागलं की तन्मयनेही कुरकुर केली नाही. मग तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं. कडू रस जिभेला लावला. सईने 'श्शी' म्हणून तोंड धुतलं.

आणि मग पोहे. कोकणात या दिवसाला चावदिवस म्हणतात, पोह्यांचेच पाच-सहा प्रकार असतात. सासूबाईंनी तीन केले : दडपे, गूळपोहे आणि रसातले. शेवटचे मी शेजारी उभा राहून पाहिले. दोन नारळ खवले, कोमट पाणी घालून वाटले, पंचात घालून पिळले. पहिला दाट रस वेगळा. पिळलेलं खोबरं पुन्हा वाटून दुसरा रस. गूळ किसून दुसऱ्या रसात हातानेच विरघळवला, वेलची, चिमूट मीठ, मग दाट रस, मग पोहे. गॅस कुठंच नाही. मी जरा कोमट करू का म्हणालो.

"तापवू नकात, जावयबापू, फुटतलो."

बारा दिवस मी कशाच्या जागी काय घालायचं याचे तक्ते करत होतो. या बाईंच्या वाटीत कशाच्याच जागी काही नव्हतं.

आप्पांनी तीनदा घेतले. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ह्यात दूध न्हाई?" तिसऱ्या वाटीनंतर.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, लक्ष्मीपूजन

साळीच्या लाह्या, बत्तासे, धने-गूळ. पंचामृत केलं नाही, देवापुढे नारळ ठेवला. आईला विचारून. तुपाचं निरांजन उंच कोनाड्यात, पणत्या तेलाच्या. कंदील लागला. भगव्या त्रिकोणांतून पडलेला उजेड जिन्यावर चांदणीसारखा येतो, हे आखताना सुचलं नव्हतं.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

बहिणीची पोरं आली, एकूण पाच मुलं. डबे टेबलावर उघडे. सईने पहिल्यांदाच स्वतः ताट वाढलं, स्वतःचं आणि भावांचंही. "हे घ्या, हे चालतं," असं म्हणत. पोरांना त्यातलं काही समजलं नाही, त्यांनी सरळ खाल्लं. करंज्या संपल्या. बेसनाचे लाडू सात उरले. पुढच्या वर्षी बेसनाऐवजी दाणे-गुळाचे करायचे. दाणे कुटले की स्वतःचंच तेल सुटतं, वरून काही घालावं लागत नाही. जेवणात सोलकढी, शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि नारळाचा गोड रस, सासूबाईंचं. बहिणीने श्रीखंड आणलं होतं, ते तिने स्वतःच गाडीत ठेवलं आणि जाताना परत नेलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा

तुळशीचं लग्न लागलं, आज कंदील उतरवला. पतंगी कागद उन्हाने फिकटलाय, एक त्रिकोण फाटला. सांगाड्याच्या तीसही काड्या धडधाकट. कागद भिजवून काढला, सांगाडा गच्चीखालच्या खोलीत टांगला, वर तारीख लिहिली. किल्ला मुलांनी काल पाणी ओतून पाडला. हिरकणी सईच्या टेबलावर आहे.

डबा आवरताना हळिवाची उरलेली पुडी सापडली, पाव वाटीच्या आसपास. पेरायचे म्हणून आणलेले खायचे नसतात म्हणून पुडीवरचं वाचलं : किराणा दुकानातलेच, खाण्याचे. नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवले, फुगून वाटीभर झाले. त्यात दोन वाट्या ओला नारळ, दीड वाटी गूळ, मंद आचेवर कोरडं होईपर्यंत, शेवटी जायफळ. तूप लागतच नाही, नारळ आहे.

सईने वळले. "किल्ल्याचे लाडू," असं तिनं डब्यावर लिहिलं, हिरव्या टेपेवर.

झाले २२. रात्री मोजले तेव्हा १७. पाचांची पावती नाही.